माझ्या पाठीवर ही घळ कशाला?

मी एक जुनी रिम आहे, मित्रांनो. रिम म्हणजे चाकाचा लोखंडी सांगाडा. टायर सगळ्यांना दिसतो, त्याच्या नक्षीचे कौतुक होते. त्याला आतून धरून ठेवणारी मी मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसते. त्याचे मला फारसे दुःख नाही. माझा स्वभाव रुसण्याचा नाही, चौकशा करण्याचा आहे. आणि एका गोष्टीने मला जन्मभर छळले आहे. माझ्या पाठीवर, म्हणजे जिथे टायर चढतो तिथे, मधोमध गोल फिरणारी एक घळ आहे. दोन्ही काठ उंच आणि मधला भाग खोल. ही घळ कशाला ठेवली असेल? मला सरळ सपाट पाठ दिली असती तर कुणाचे काय बिघडले असते?

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या दोन गोल चकत्या दाबयंत्राखाली गेल्या, वरून ठोक बसला, मग दोघींना पाठीला पाठ लावून जोडले. रंग देण्याआधी एका यंत्राने माझ्या गालावर कसलेसे आकडे उमटवले. तिथे काय लिहिले ते मला कळेना. स्वतःचा गाल स्वतःला कसा दिसणार? त्यावर पिवळ्या रंगाचा जाड हात फिरला आणि आकडे झाकूनच गेले. पुढे कितीतरी वर्षे तिथे नुसती खाज सुटायची.

गोदामात आम्ही दोनशे जणी एकीवर एक रचलेल्या होतो. मी शेजारणीला घळीबद्दल विचारले. ती म्हणाली, "पावसाचं पाणी वाहून जायला असेल." तिच्या वरची म्हणाली, "शोभेला गं! कमरेशिवाय कुणी बरं दिसतं का?" तिसरी जांभई देत म्हणाली, "हिला नसत्या उठाठेवी फार." माझा पहिला टायर यंत्रानेच चढवला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो बसलाही. त्यामुळे तेव्हाही घळीचा उलगडा झाला नाही.

पुढे मी एका ढकलगाडीला लागले. पुढे एकच चाक, मागे दोन लोखंडी पाय आणि धरायला दोन दांडे, अशी ती गाडी. रोपे वाढवून विकणाऱ्या एका बाईंनी ती घेतली. त्यांची रोपे घरामागच्या परसात, आणि मातीचा ढीग येऊन पडायचा पुढच्या फाटकाशी. मध्ये घराला वळसा घालणारा एक बोळ होता. तो इतका चिंचोळा की दोन चाकांच्या गाडीची तिथे डाळ शिजली नसती. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही गाडी म्हणजे माझा तिसरा हात आहे." ते ऐकून माझी छाती फुगायची. खरे तर फुगलेला टायर असायचा, पण असो.

अशी सहा वर्षे गेली. कौतुकाची सवय झाली, की काळजी घ्यायचे राहून जाते. हवा कोण बघणार? चाक फिरते आहे ना, मग झाले! मातीने शिगोशीग भरलेली गाडी दिवसच्या दिवस उन्हात उभी राहायची. टायर बिचारा मुकाट्याने चेपत राहिला. त्याच्या अंगावर आधी केसाएवढ्या भेगा पडल्या, मग त्यांत नख जाऊ लागले. आणि एका गुरुवारी, बोळाच्या अगदी मध्यावर, फट्ट असा आवाज झाला. टायर कडेला वीतभर फाटला होता. मी दगडावर आपटले, गाडी कलंडली आणि सगळी माती बोळात पसरली.

आवाज ऐकून बाईंचे सासरे धावत आले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ट्रकच्या तळावर त्यांनी चाळीस वर्षे टायर बदलले होते. तळ बंद झाला, बायको आधीच वारली होती आणि मुलगा बोटीवर नोकरीला. म्हणून महिन्यापूर्वी सुनेने त्यांना आपल्याकडे आणले होते. ते बाईंना सूनबाई म्हणत, तेव्हा मीही आता तसेच म्हणते.

उस्तादांनी येताना एक ट्रंक आणली होती आणि हत्यारांची एक खाकी पिशवी. रोज दुपारी ते मागच्या पायरीवर बसून पिशवीतली हत्यारे पुसत. पुसून काय करत, तर पुन्हा आत ठेवत आणि पिशवी पलंगाखाली सरकवत. घरात त्यांना कुणी काम सांगत नसे. म्हणजे प्रेमापोटीच सांगत नसे. "बाबा, तुम्ही बसा हो," हे सूनबाईंचे पालुपद होते. बसून बसून गंज चढतो, हे लोखंडाला सांगायला नको.

"लागलं नाही ना गं?" उस्तादांनी विचारले.

"नाही बाबा. पण ही गाडी संपली आता. रविवारी भंगारवाला येतो, त्याला देऊन टाकू. दुसरी घेऊ."

"एका टायरसाठी अख्खी गाडी भंगारात? सूनबाई, कमरेएवढे टायर मी एकट्यानं उतरवलेत. हे तर ताटाएवढं चाक. मी घालतो नवीन टायर."

"तसं नाही हो. उगाच तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही बसा."

उस्ताद मागच्या पायरीकडे वळले. मग तिथल्या पिशवीकडे बघत म्हणाले, "असं करू. रविवारपर्यंत हा टायर मी बसवला नाही, तर गाडीबरोबर माझी पिशवीही त्या भंगारवाल्याला दे. मग मी बसतोच. तू म्हणतेस तसा."

सूनबाई काही बोलणार होत्या, पण ते आत निघून गेले होते. मी, गाडी आणि ती पिशवी, तिघींचे दैव एकाच टायरला लटकले होते. पण खरे सांगायचे तर आमच्या दोघींपेक्षा मला त्या पिशवीची धास्ती जास्त वाटली. ती गेली असती तर उस्तादांचे उरले काय असते?

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला गाडीपासून सोडवले आणि जुना टायर सुरीने कापूनच काढला. मग जमिनीवर ठेवून तो वितीने मोजला. दोन विती, त्यात दोन बोटे कमी. बस्स, माप झाले! मला घरीच ठेवून ते दुकानात गेले आणि तासाभराने नवा टायर आणि नवी ट्यूब घेऊन ऐटीत परतले.

टायर बाहेरून अगदी जुन्याएवढाच होता. पण मधले भोक लहान. तो माझ्या काठावर येऊन बसला आणि तिथून हलेना. मोठ्या डोक्यावर लहान टोपी ठेवावी, तसा.

"बाबा, दुकानदारानं नंबर नाही विचारला?"

"विचारला की. मी म्हटलं, नंबर नवशिक्यांना लागतो. माझी वीत हेच माझं माप."

"मग तळावर नंबर बघत नव्हतात?"

उस्ताद जरा घुटमळले. "तिथं सगळे ट्रक एकाच मापाचे होते. चाळीस वर्षांत दुसरा नंबर बघायची वेळच आली नाही."

सूनबाईंनी ओठ घट्ट दाबून हसू गिळले. मीसुद्धा. मग त्या तारेची घासणी घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि चिखल काढता काढता नेमक्या त्या खाजऱ्या गालावर आल्या. पिवळ्या रंगाचा पोपडा निघाला.

"इथे काहीतरी कोरलंय बाबा! पुसट आहे, पण शेवटी आठ आहे, नक्की."

त्यांनी जुन्या टायरचा तुकडा आणला, ओल्या फडक्याने पुसला. त्यावर चार, मग आडवी रेघ, मग आठ. नव्या टायरवर शेवटी सहा. त्या शिवणाची टेप घेऊन आल्या आणि जिथे टायर टेकतो त्या जागी माझा व्यास मोजला. बरोबर आठ इंच.

"म्हणजे चार ही टायरची जाडी, आणि आठ हे मधलं भोक. बाहेरची उंची कितीही असो बाबा, शेवटचा आकडा रिमचा आणि टायरचा एकच हवा."

मित्रांनो, इतकी वर्षे मी माझे माप माझ्याच गालावर घेऊन फिरत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय!

"मी जाऊन बदलून आणू का?" सूनबाईंनी विचारले.

"नको. चूक माझ्या वितीची, चपला मीच झिजवतो."

या वेळी त्यांनी मला बगलेत मारून नेले. त्या दुकानात मी काय काय पाहिले म्हणून सांगू! गवत कापायच्या यंत्राची चाके, चाकाच्या खुर्चीची पुढची इवली चाके, पोती वाहायच्या गाडीची, बाबागाडीची. एवढ्याशा चाकांचेसुद्धा इतके प्रकार असतात, हे मला तिथे कळले. दुकानदार म्हणाला, "आता नंबर आणलात वाटतं, उस्ताद?"

"अख्खी रिमच आणलीय. तिच्या गालावर लिहिलंय, वाचून घे."

दुकानदाराने न कुरकुरता टायर आणि ट्यूब, दोन्ही बदलून दिले. वर म्हणाला, "टायर कधी बनला तेही बघून घ्या हं. फळीवर पडून पडूनही तो म्हातारा होतो."

शनिवारी सकाळी परसात काम सुरू झाले. उस्तादांनी मला उलटी केली, सुलटी केली, कडेने बोट फिरवले.

"हिची कडी कुठं गेली?"

"कसली कडी, बाबा?"

"आमच्या ट्रकच्या रिमला एका बाजूला सुटी कडी असायची. कडी काढायची, टायर आत सरकवायचा, कडी परत ठोकायची. हिला कडीच नाही. मग टायर जाणार कुठून?"

मला बोलता आले असते तरी मी काय सांगणार होते? मलाच ठाऊक नव्हते. उस्तादांनी टायरची एक कड कशीबशी माझ्यावर चढवली, आत ट्यूब सरकवली आणि दुसरी कड चढवायला घेतली. अर्धी कड गेली. उरलेली अर्धी म्हणते, मी नाही जा! इकडून दाबली की तिकडून वर यायची, तिकडून दाबली की इकडून. मोठा टायर एक वेळ ऐकतो, पण लहान टायर भारी हटवादी. उस्तादांच्या कपाळावरून घाम गळू लागला. शेवटी त्यांनी पिशवीतली लोखंडी पट्टी काढली, काठात अडकवली आणि सारा जोर लावून रेटली. टायर बसला. त्यांचा चेहरा खुलला. पण पंपाचे चार दट्टे मारले आणि आतून आवाज आला, फुस्स. पट्टीखाली ट्यूब चिमटली होती.

त्यांनी टायर पुन्हा उतरवला, ट्यूब बाहेर काढली आणि पायरीवर जाऊन बसले. त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"हात गेले माझे, सूनबाई," ते म्हणाले. "ती पिशवी उद्या फाटकाशी नेऊन ठेव."

मला फार वाईट वाटले. त्यांना इतके हताश झालेले मी पाहिले नव्हते. सूनबाईंचेही डोळे भरून आले होते. पण त्या मोठ्या हुशार.

"ठेवीन की," त्या म्हणाल्या. "पण ट्यूब कुठे फुटली ते तरी सांगाल? का तळावर पंक्चर तसंच टाकून द्यायचात?"

त्यांनी बादलीत ट्यूब बुडवली. एका जागी बुडबुडे आले. "हे बघा, सापडलं भोक."

"थांब थांब," उस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले. "चिमटा दोन्ही बाजूंनी बसतो. दुसरं भोक असणारच."

"पण बुडबुडे एकीकडेच येतायत."

"पाण्याला सगळं दिसत नाही. इकडे आण."

त्यांनी ट्यूब पुसली, थोडी हवा भरली, डोळे मिटले आणि ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवत नेली. एका जागी थांबले. "इथं." सूनबाईंनी तिथे थुंकीचे बोट लावले. मोहरीएवढा एक बुडबुडा आला.

"अगं बाई! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"गालानं. फक्त दाढी रोज करावी लागते," उस्ताद म्हणाले. तीन दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी दोन्ही जागा पॉलिश कागदाने घासल्या, चिकटद्रव लावला आणि तो वाळेपर्यंत हात न लावता वाट पाहिली. ठिगळे लावताना त्यांची बोटे जराही थरथरत नव्हती. सूनबाई ते टक लावून पाहत होत्या. काम झाल्यावर उस्ताद थोडे अडखळले आणि म्हणाले, "सूनबाई, जरा हात लावतेस? तळावर मी कुणाला हात लावू दिला नाही. पण हे एकट्याचं काम दिसत नाही."

सूनबाईंनी पदर खोचला. टायरची पहिली कड चढवून ट्यूब आत घातली आणि दुसऱ्या कडेशी झटापट सुरू झाली. पुन्हा तेच. उरलेली अर्धी कड काही येईना. सूनबाई अचानक थांबल्या आणि आपल्या मनगटाकडे बघू लागल्या.

"बाबा, घट्ट बांगडी काढताना जोर केला की हात सुजतो आणि बांगडी हलत नाही. मग आम्ही काय करतो? साबण लावतो आणि अंगठा आत दुमडतो, तळहाताच्या खळग्यात. हात बारीक झाला की बांगडी आपली आपण सुटते. या रिमला असा आत दुमडायला कुठे खळगा आहे का?"

उस्तादांनी उघड्या बाजूने माझ्या पाठीवर बोट घातले. बोट घळीत उतरले. मी श्वास रोखला.

"आहे," ते हळूच म्हणाले. "मधोमध आहे की गं!"

सूनबाई धावत जाऊन साबणाचे पाणी घेऊन आल्या. काठ बुळबुळीत झाले. जी अर्धी कड आधीच आत गेली होती, तिच्यावर उस्तादांनी दोन्ही गुडघे टेकले आणि ती खाली घळीत ढकलली. त्याबरोबर समोरची कड दोन बोटे सैल पडली.

"सैल पडली! दाब सूनबाई, दाब!"

सूनबाईंनी दोन अंगठ्यांनी दाबली आणि टायर आत सरकला. पट्टी नाही, हातोडी नाही. दोघेही मातीत बसून लहान मुलांसारखे हसत सुटले.

तर मित्रांनो, अशासाठी ती घळ होती! एका बाजूने खाली उतरावे, म्हणजे समोरच्याला जागा होते. दोन्ही बाजू ताठ उभ्या राहिल्या तर कुणीच आत येऊ शकत नाही. गोदामातल्या त्या दोनशे जणींना हे ओरडून सांगावे असे मला वाटले.

उस्तादांनी थोडी हवा भरली, ट्यूबला पीळ पडला असेल तर सुटावा म्हणून ती सोडली, मग पुन्हा भरली. टायरच्या दोन्ही कडा घळीतून वर चढल्या आणि माझ्या काठांना येऊन टेकल्या. टक्. टक्. तो आवाज मला अजून आठवतो.

पण संध्याकाळी मला गाडीला जोडून ती पुढच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवताना उस्ताद म्हणाले, "टायर मी नाही बसवला, सूनबाई. तू बसवलास. शब्द मी माझ्यापुरता दिला होता." उस्तादांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

रविवार उजाडला. गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली, "भंगाऽऽर!" सूनबाई रोपांना पाणी घालत होत्या. त्यांनी वळून पाहिले, तर उस्ताद खाकी पिशवी खांद्याला लावून बोळातून फाटकाकडे निघालेले. झारी तिथेच टाकून त्या मागे धावल्या. मी दारातल्या गाडीवरून सगळे पाहत होते.

"बाबा, नका ना देऊ! बसला ना टायर?"

उस्ताद थांबले नाहीत. भंगारवाल्याची तीनचाकी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. पिशवी बघून त्याने हात पुढे केला. "आणा काका."

"पिशवी नाही," उस्ताद म्हणाले. "शब्द माझ्यापुरता होता, पण पिशवी आता दोघांची आहे. तुझं चाक दे. डावं चाक खडखडतंय तुझं, कोपऱ्यापासून ऐकतोय. हवा नाही त्यात. रिमवर चालवतोस? लाज नाही वाटत?"

भंगारवाला खाली वाकून चाक बघू लागला.

"आणि आधी त्याचा नंबर वाचून दाखव मला. सूनबाई, अशी उभी काय राहिलीस? साबणाचं पाणी आण. तुझ्याशिवाय जमायचं नाही."

सूनबाईंनी डोळे पुसले आणि त्या पाणी आणायला आत पळाल्या. त्या दिवसापासून ती पिशवी पलंगाखाली गेली नाही. ती मागच्या दाराशी खुंटीला लटकते, आणि गल्लीतले लोक आपापली लहान-मोठी चाके घेऊन पायरीशी येतात.

मित्रांनो, आता मी जुनी झाले आहे, पण धडधाकट आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर महिन्यातून एकदा तिच्या टायरची हवा बघा, भरलेली गाडी उन्हात उभी ठेवू नका, आणि नवा टायर आणायला जाल तेव्हा आधी तिच्या गालावरचा आकडा वाचा. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले. आणि घरातल्या कुणाला "तुम्ही बसा" म्हणण्याआधी त्यांच्या हाताला काय येते ते एकदा विचारा. विचारायला काय जाते? मी तर जन्मभर विचारतच आले.